आधी कापूस गेला, मग माणूस

सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यातून जपानला माणूस जायच्या कितीतरी आधी कापूस गेला. आज मोहगावातला बारावी नाहीतर आयटीआय झालेला पोरगा ‘जपानला जायचं म्हणतो’ असं घरी बोलला, की मोठी माणसं दचकतात. दुबई ऐकून माहीत असते, अमेरिका कुणाच्या तरी जावयामुळे माहीत असते. जपान मात्र भलतंच वाटतं. पण हे नातं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. ते नीट पाहिलं तर एक गोष्ट सारखी समोर येते. आपल्याकडून जपानला काय गेलं आणि त्याच्या बदल्यात काय आलं, हे दर वेळी मध्ये कोण उभा होता त्यावर ठरलं.

मोहगावचा पत्ता आधी सांगून टाकतो. सरकारी कागदावर मध्य प्रदेश, जिल्हा २०२३ पर्यंत छिंदवाडा आणि आता पांढुर्णा. घरातली बोली मराठी, शाळा बहुतेकांची हिंदी, मोठा बाजार आणि मोठा दवाखाना नागपूरचा. १९५६ च्या आधी यात काही विसंगती नव्हती, कारण नागपूरच या सगळ्या मुलखाची राजधानी होती. म्हणून मोहगावची जपानची वाट शोधायची तर ती नागपूर, वर्धा, मुंबई अशीच शोधावी लागते.

तर कापूस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओसाका आणि कोबेच्या आसपास सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वस्त कापूस हवा झाला. वऱ्हाड-नागपूरकडचा आखूड धाग्याचा कापूस मँचेस्टरला फारसा आवडत नसे. जपानी गिरण्यांनी मात्र त्यात अमेरिकन आणि चिनी कापूस मिसळून सूत काढायची कला साधली होती. अडचण भाड्याची होती. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी मालवाहतूक पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आणि तिच्या जोडीदारांच्या मुठीत होती. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा यांना हे भाडं खुपत होतं. १८९३ साली ते स्वतः जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी बोट कंपनीशी त्यांनी करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. जपानी गिरणीमालकांच्या संघाने आपला कापूस याच बोटींनी आणू असं वचन दिलं होतं. पी अँड ओने चिडून टनाला सतरा रुपयांचं भाडं दीड रुपयावर आणलं. टाटांनी स्वतःची बोटसेवाही काढली होती, ती त्या मारात बुडाली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्या पाठीशी गिरण्या होत्या आणि त्यांचं सरकार होतं.

पुढे तोयो मेन्का, गोशो, निप्पॉन मेन्का या जपानी कंपन्यांनी मुंबईत बसून कापूस घेणं सोडून आतल्या बाजारपेठांत आपली खरेदी सुरू केली. कास्तकाराने पऱ्हाटीतून वेचलेला कापूस बंडीत भरून बाजारात आणायचा, अडत्याने भाव पाडायचा, जिनात सरकी काढायची, प्रेसमध्ये गाठ बांधायची, कंपनीच्या माणसाने ती घ्यायची, मग रेल्वे, मुंबईचा धक्का, बोट आणि शेवटी कोबे. या साखळीतल्या प्रत्येकाला पुढच्या कडीचं तोंड माहीत असे, शेवटच्या कडीचं कुणालाच नाही. कास्तकाराला तर पहिलीच कडी दिसे. कोबेत भाव चढला तर तो वाटेतच कुठेतरी जिरे. पडला तर मात्र न चुकता शेताच्या बांधापर्यंत पोचे.

याचा धडधडीत दाखला १९३३ चा. जपानी कापड हिंदुस्थानात इतकं स्वस्त येऊ लागलं की सरकारने बिगरब्रिटिश सुती कापडावरची जकात त्या जूनमध्ये ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदी कापूस घेणंच बंद केलं. भांडण मुंबई, लँकेशायर आणि ओसाकाच्या गिरणीमालकांचं. बहिष्कार पडला तो काळ्या मातीतल्या कास्तकाराच्या मालावर. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली ती अशी: जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यावा, तर त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड इथे विकता येईल. पंधरा लाख गाठी घेतल्या, तर ४० कोटी यार्ड. म्हणजे कापडाच्या बदल्यात कापूस तोलला गेला. तराजू धरणाऱ्यांत कास्तकार कुठेच नव्हता.

माणसांची वाट वेगळ्या कारणाने उघडली. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचं आरमार बुडवलं आणि एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला हरवल्याची बातमी हिंदुस्थानभर पसरली. बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार हे सगळं त्याच वर्षीचं. विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं की जपानला जाऊन साबण, काच, आगपेट्या, पेन्सिली करायला शिकायचं, असा प्रश्न तरुणांपुढे पहिल्यांदाच आला. कलकत्त्यात १९०४ साली एक संस्था निघाली होती, ती वर्गणी जमवून विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणासाठी परदेशी पाठवी. त्यातले बरेच जपानला जात. जपानला जाणं स्वस्त होतं, बोटीचा प्रवास कमी होता, आणि तिथला साहेब गोरा नव्हता.

या उत्साहात एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटली. १९०५ च्याच ऑगस्टमध्ये जपानने ब्रिटनशी १९०२ चा तह नव्याने केला आणि या वेळी त्याच्या कक्षेत हिंदुस्थानची सरहद्दही घातली. ज्याच्या विजयाने इथले तरुण पेटले होते, तो देश इंग्रजी राज्य टिकवायला मदत करायचं कबूल करून बसला होता.

वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना हे जपानात पोचल्यावर उमगलं असणार. १८८४ चा जन्म, शिक्षण नागपुरात, डोक्यात सशस्त्र क्रांती. लोकमान्य टिळकांनी त्यांना सैनिकी शिक्षणासाठी परदेशी जायचा सल्ला दिला आणि १९०६ च्या सुमारास हा मध्य प्रांतातला पोरगा बोटीने जपानला गेला. पासपोर्टाची सक्ती हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. तोवर खिशात भाडं आणि अंगात धमक असली की निघता येई. जपानमध्ये त्यांना इंग्रजांविरुद्ध लढायला शिकवणारं कुणी मिळणं कठीणच होतं. भेटले ते सन यत्-सेन यांच्या गोटातले चिनी निर्वासित. टोकियो त्या काळी चिनी क्रांतिकारकांनी गजबजलेलं होतं. खानखोजे तिथून अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात सैनिकी शाळेत शिकले, ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या उभारणीत राहिले, आणि अखेर मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी तिथे काम केलं. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना रंगवून ठेवलं आहे. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, ते आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवं. सौसरच्या शाळेतसुद्धा, हिंदीतून का होईना.

१९५५ साली खानखोजे नागपूरला कायमचे परतले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणजे मोहगाव आणि वर्धा एकाच राज्यात होते. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला मध्ये रेघ पडली. १९६७ च्या जानेवारीत ते नागपुरातच वारले.

खानखोजे यांच्या वाटेत मधला माणूस जवळजवळ नव्हता. सल्ला टिळकांचा, पुढचा हात परक्या चिनी मित्रांचा, बाकी सगळं स्वतःच्या जिवावर. असं जाणं सगळ्यांना जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये. म्हणून मला त्यांच्याइतकंच महत्त्व तळेगाव दाभाड्याच्या काचेच्या कारखान्याला द्यावंसं वाटतं. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी ‘पैसा फंड’ काढला होता: दरेकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी धंदे उभे करायचे. टिळकांनी त्याला बळ दिलं. जमलेल्या पैशातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला आणि तो चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. हे उत्तर हिंदुस्थानातले. आधी जपानात काच शिकलेले, मग अमेरिकेत एमआयटीला गेलेले. तळेगावात नुसत्या बरण्या फुंकल्या गेल्या नाहीत, काच करणारे कारागीर तयार झाले आणि ते पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. एका माणसाने जपानात शिकलेली विद्या इथल्या लोकांच्या एकेका पैशावर रुजली. मधला माणूस इथेही होताच, पण तो फंड होता, आणि त्याचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवायचा होता.

कधी कधी तर माणूस न जाताच जपानहून काहीतरी येई. काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांना पाठवली. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली काढलेली ती संस्था. कर्व्यांनी पुस्तिका वाचली, १९१५ च्या मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केलं. आजचं एसएनडीटी ते हेच. पुढे १९२९-३० च्या जगप्रवासात कर्वे टोकियोला जाऊन ती मूळ संस्था बघून आले. पोस्टाने आलेल्या एका पुस्तिकेने केलेलं काम कित्येक शिष्टमंडळांना जमलेलं नाही, हे जाता जाता म्हणायला हरकत नाही.

मग दोन महायुद्धांच्या काळात, आणि नंतरही बरीच वर्षं, ही वाट बारीकच राहिली. १९५२ साली भारताने जपानशी स्वतंत्र शांतता तह केला; जपान सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती १९५४ मध्ये सुरू केली. पण मराठी घरात जपान शिरलं ते बरंचसं पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’मधून, १९६३ साली. टापटीप, वाकून नमस्कार, बागा, चहा. हे जपान खोटं नव्हतं, पण ते पाहुण्याला दिसणारं जपान होतं. भाड्याची खोली, रात्रपाळी, कचऱ्याचे चार वेगळे डबे आणि वॉर्ड ऑफिसातली रांग असलेलं जपान मराठी वाचकाला कुणी दाखवलं नाही.

उलट्या दिशेने मात्र एक मोठा माणूस आला. ओकायामाकडचे सुरई ससाई हे बौद्ध भिक्खू १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला आले ते इथलेच झाले. भारताचं नागरिकत्व घेतलं, मराठी-हिंदी बोलू लागले, दीक्षाभूमीच्या कामात अग्रभागी राहिले, रामटेकजवळच्या मनसरला उत्खननाचा ध्यास घेतला. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ साली उभं राहिलं ते जपानी देणगीतून. आपल्या मुलखातल्या बौद्ध वस्त्यांत जपान हे नाव दुबईसारखं नोकरीशी जोडलेलं नाही, ते वंदनेशी जोडलेलं आहे, आणि हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

पुण्याची वाट निराळीच. १९७० च्या दशकापासून तिथे जपानी भाषेचे वर्ग रुजले. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही नावं जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत. मग संगणकाचा काळ आला. सन २००० च्या आगेमागे जपानी कंपन्यांना इंजिनिअर हवे झाले आणि जपानी येणारे मराठी इंजिनिअर टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात राहू लागले. गणपती, दिवाळी फराळ, मराठी मंडळ सगळं तिथे आहे. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक आधी विद्यार्थी, मग नोकरदार म्हणून गेले, जपानचे नागरिक झाले, एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. या वाटेवर मधला माणूस होता तुमची डिग्री. ज्यांच्याकडे पुण्याचं इंजिनिअरिंग आणि भाषेची परीक्षा, त्यांना कंपनी स्वतः तिकीट पाठवी. मोहगावच्या पोराला ही वाट बहुधा बंद होती. मराठी असूनही तो पुण्याच्या हिशेबात परप्रांतातला, आणि भोपाळच्या हिशेबात कोपऱ्यातला.

आताची वाट मात्र त्याच्यासाठी आहे. जपानची लोकसंख्या २००८ पासून उतरते आहे आणि दर दहा माणसांत जवळजवळ तिघे पासष्टीच्या पुढचे. शेतात, हॉटेलात, अन्नाच्या कारखान्यात, बांधकामावर आणि वृद्धांच्या देखभालीला हात कमी पडतात. १९९३ साली त्यांनी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना काढली. कागदावर हेतू असा की गरीब देशातल्या तरुणाने यावं, हुन्नर शिकावा आणि घरी नेऊन वापरावा. भाषा थेट पैसा फंडाच्या काळातली. प्रत्यक्षात त्याला मालक बदलता येत नसे, आणि शिकण्यापेक्षा राबणंच जास्त होई. भारताने या योजनेसाठी २०१७ मध्ये करार केला. जपानने आता हा मुखवटा काढायचं ठरवलं आहे: २०२४ च्या कायद्याने ही योजना जाऊन २०२७ पासून नवी येते आहे, आणि तिच्यात ठरावीक काळानंतर त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. दरम्यान एप्रिल २०१९ पासून ‘टोकुतेई गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा सुरू झाला, त्यासाठी भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीयांना जपानला नेण्याचं लक्ष्य जाहीर केलं.

आकड्यांवर एक नजर टाकली तर आपण या रांगेत किती उशिरा आलो ते कळतं. २०२४ च्या अखेरीस जपानात परदेशी रहिवासी पावणेअडतीस लाखांच्या घरात होते. त्यांत व्हिएतनामी सहा लाखांवर, नेपाळी सव्वादोन लाखांवर, आणि भारतीय साधारण ५४ हजार.

टोकुतेई गिनोला डिग्री लागत नाही. दोन परीक्षा लागतात: एक कामाची, एक भाषेची. भाषेची म्हणजे जेएलपीटी परीक्षेची एन-फोर ही पायरी किंवा त्याच तोडीची जेएफटी-बेसिक. शून्यापासून एन-फोरला पोचायला आधी हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, मग शेकड्यांनी कांजी, म्हणजे चिनी मुळाची अक्षरं. मराठी माणसाला वाक्यरचना जड जात नाही, क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नावाला मागून लागतात; जड जाते ती कांजी आणि बोलण्यातल्या आदराच्या पायऱ्या. वृद्धांच्या देखभालीला, म्हणजे काइगोला, आणखी एक वेगळी भाषापरीक्षा. या व्हिसाच्या पहिल्या वर्गात पाच वर्षं राहता येतं, पण बायकापोरं नेता येत नाहीत. पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका द्यावा लागतो असा नियम आहे. २०२४ मध्ये किमान वेतनाची देशभरची सरासरी तासाला १,०५५ येन होती. त्यातून खोलीभाडं, विमा, कर वजा होतो, आणि येनचा भाव उतरला की घरी पोचणारी रक्कमही उतरते.

काइगोबद्दल घरोघरी कुरकुर ऐकू येते: परक्या म्हाताऱ्यांची आंघोळ घालायला इतक्या दूर कशाला? मला ही कुरकुर पटत नाही. तेच काम आपल्याकडे सून बिनपगारी करते आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. तिथे त्याची परीक्षा असते, पाळी असते, पगारपावती असते.

विद्यार्थी व्हिसाची वाट आणखी मोहाची. भाषाशाळेत नाव घालायचं, फी भरायची, आणि ‘तिथे काम करून फेडता येतं’ असं सांगितलं जातं. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासच काम करायची मुभा आहे. त्यात कर्जाचा हप्ता, फी आणि जेवण बसत नाही. बसवायला गेलं की तास वाढतात आणि व्हिसा धोक्यात येतो. ज्याच्या घरात वर्षभराची फी रोख नाही, त्याने या वाटेने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा प्रश्न मधल्या माणसाचाच. जपानच्या सरकारी खात्याने प्रशिक्षणार्थींची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जण मायदेशात कर्ज काढून आलेले निघाले, आणि सगळ्यात मोठा बोजा व्हिएतनामी पोरांवर होता. पैसा एजंटाला गेलेला. जो कर्जात येतो तो मालकापुढे तोंड उघडत नाही. व्हिएतनामची रांग आपल्या पुढे आहे याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

जपानसाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी. आखाती देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला सरकारच्या एमिग्रेशन खात्याची मंजुरी लागते, आणि त्या निमित्ताने त्याचा करार कुणीतरी सरकारी माणूस बघतो. ती मंजुरी लागणाऱ्या देशांच्या यादीत जपान नाही. म्हणजे मोहगावचा पोरगा जपानला निघाला तर वाटेत त्याचा कागद तपासणारं कुणी सक्तीने उभं नसतं. तो त्यालाच तपासावा लागतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, आणि अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर कर, याहून जास्त घेता येत नाही. अनामत ठेवायला लावणं किंवा ‘मध्येच सोडलंस तर दंड’ असं लिहून घेणं जपानच्या नियमांनी मना आहे. तेव्हा पोरांनो, आधी एन-फोर काढा, मग एजंटाकडे जा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, कराराची प्रत घरी आणून मोठ्याने वाचा, आणि त्यात दंडाचं कलम दिसलं तर सही करू नका.